तुळाजीशेठच्या घरची माणसं

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. मला तिथून नोटीस यायला नको आहे.

अस्वलाचं नाव तुळाजीशेठ. त्याचा पत्रावळींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भलाथोरला पळस आणि त्याच्याखालची सावली. बुंध्यावर पाटी होती : ‘तुळाजीशेठ आणि मंडळी. लग्न, मुंज, बारसे, तेरावे. ऑर्डरप्रमाणे पत्रावळी मिळतील.’

जंगलात मुंज कुणाची होते, असं मागून कोण विचारतंय? गप्प बस. पाट्यांवर असंच लिहितात.

कामाला सात जण होते. मुकिंदा वानर आणि त्याचा भाऊ वर चढून पानं काढायचे. चार शिंपिणी, म्हणजे शिंपी पक्ष्यांच्या बायका, ती पानं चोचीनं टाचायच्या. त्यांच्यात थोरली चिमाबाई. आणि ठकू नावाची खार शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायची. सगळे उजाडताना यायचे आणि दिवस मावळताना जायचे. शेठ ‘एवढा एक गठ्ठा होऊन जाऊ दे’ म्हणाला, की मावळल्यावरही थांबायचे.

अशांना तुम्ही-आम्ही नोकर म्हणतो. तुळाजीशेठ म्हणत नसे. ‘तुमच्याकडे नोकर किती?’ असं कुणी विचारलं, की तो छातीवर पंजा ठेवायचा.

“आमच्याकडे नोकर नाहीत हो. सगळी घरचीच माणसं.”

आणि ते अगदीच खोटं नव्हतं, बरं का. मुकिंदाची बायको बाळंत झाली तेव्हा शेठनं मधाचं पोळं पाठवलं होतं. चिमाबाईच्या मुलीच्या लग्नात तो स्वतः पंगतीत वाढायला उभा होता. फक्त मजुरी वाढवायचा विषय निघाला, की म्हणायचा, “अरे, घरच्यात कसला हिशोब?” रजा मागितली तरी म्हणायचा, “घरच्यात कसली रजा?” या वाक्यावर त्यानं सात वर्षं कारखाना चालवला.

आता त्या जंगलाच्या राजाचा एक कायदा होता. ज्याच्याकडे नोकर असेल, त्यानं दर नोकरामागे महिन्याला एक टोपली फळं राजाच्या कोठारात भरायची. अर्धी मालकानं घालायची, अर्धी नोकराच्या मजुरीतून कापायची. नोकर थकला, की कोठारातून त्याला दर महिन्याला टोपली मिळायची. तिला म्हातारपणाची टोपली म्हणत. फळं इतकी वर्षं टिकतात कशी, हे मला विचारू नका. कोठार सरकारी आहे.

कारखाना सुरू झाला तेव्हाच चिमाबाईनं विचारलं होतं, “शेठ, ती म्हातारपणाची टोपली म्हणतात, ती आमची भरता ना हो?”

“अगं चिमाबाई, टोपली परक्याची भरतात. तुझं म्हातारपण मी बघेन की!”

चिमाबाईला बरं वाटलं. तुळाजीशेठलाही स्वतःबद्दल फार बरं वाटलं. टोपली काही भरली गेली नाही.

सात वर्षं गेली. हल्ली चिमाबाईचे टाके वाकडे जायला लागले होते. डाव्या डोळ्यानं तिला दिसेनासं झालं होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेठला ते कळलं होतं, पण तोही बोलला नव्हता. बोललं, की बघावं लागतं.

आणि एका सोमवारी पळसाच्या बुंध्याला डिंकानं नोटीस चिकटवलेली सापडली. ‘आपल्याकडील नोकरांच्या टोपल्यांची तपासणी पुढील सोमवारी होईल. तपासनीस, श्री. बगळे.’ तुळाजीशेठनं ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा बुंध्याला धरून वाचली.

मग तो सल्लागाराकडे पळाला. तुम्ही म्हणाल, आता कोल्हा येणार. नाही येणार. कोल्हा हल्ली मोठ्यांचीच कामं घेतो, वाघांची आणि मगरींची. लहान धंदेवाल्यांना परवडतो तो तरस. तरस हुशार असतो. अडचण एवढीच, की वाईट बातमी सांगताना त्याला हसू येतं.

“सात नोकर, सात वर्षं,” तरस म्हणाला, “म्हणजे पाचशे अठ्ठ्याऐंशी टोपल्या. वर तेवढाच दंड. ही ही! भरू शकला नाहीत तर पळस जप्त.”

“पळस गेला तर मी काय करू हो? मला दुसरं काही येत नाही.”

“मग ते नोकर नाहीतच म्हणा.”

“नाहीतच मुळी! घरचेच आहेत!”

“घरचे म्हणालात तर बगळेसाहेब विचारतील, कुठल्या नात्यानं? अस्वलाच्या घरात खार कशी? ही ही! त्यापेक्षा स्वतंत्र कारागीर म्हणा. जो तो आपापला मालक. मालकाची टोपली भरावी लागत नाही.”

“आणि साहेब ऐकतील?”

“साहेब पाचच गोष्टी बघतात. ठरल्या वेळी कोण हजर होतं. परवानगी कुणाला मागावी लागते. आपल्या जागी दुसऱ्याला कोण पाठवू शकत नाही. माल बुडाला तर नुकसान कुणाचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाचवी : काम सांगितलं, की नाही कोण म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो नोकर.”

तरसानं कागद केले. पळसाला मोठ्या फांद्या सातच होत्या. एकेक फांदी एकेकाच्या नावावर केली. पानं त्यांची, पत्रावळी त्यांच्या, नफा-नुकसान त्यांचं. आणि तारीख घातली सात वर्षांपूर्वीची.

“हे फक्त कागदावर ना?” शेठनं विचारलं.

“फक्त कागदावर.”

“मग मी कोण?”

“तुम्ही त्यांच्या पत्रावळी गिऱ्हाइकाकडे पोचवता. त्याबद्दल ते तुम्हाला काहीतरी देतात. आकडा मी टाकतो.”

तुळाजीशेठनं अंगठा उमटवला. अस्वलाचा अंगठा मोठा असतो. अर्धा कागद त्यातच गेला.

मग कारखान्यात तालीम सुरू झाली. शेठ समोर बसायचा आणि काम सांगायचा. सातांनी ओळीनं म्हणायचं, “नाही जमणार.”

पहिल्या दिवशी कुणाला जमेना. चिमाबाईला तर घामच फुटला. “शेठ, तुमच्या तोंडावर नाही कसं म्हणू मी?”

“म्हण गं बाई. माझ्यासाठी म्हण.”

चिमाबाईनं डोळे मिटले, “नाही जमणार” म्हणाली आणि रडायलाच लागली. शेठनं तिला पाणी दिलं. “छान म्हणालीस,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जरा बरं झालं. तिसऱ्या दिवशी मुकिंदा नाही जमणार म्हणताना शेपटी झटकायला लागला. पाचव्या दिवशी शेठनं खरोखरच पानं मागितली.

“नाही जमणार,” मुकिंदा म्हणाला.

“अरे, आता तालीम चाललेली नाही.”

“माहीत आहे मला.”

ठकू खार जात्याच आगाऊ. ती म्हणाली, “शेठ, एकदा तुम्ही म्हणून दाखवा ना. मी गिऱ्हाईक. मला आत्ताच्या आत्ता शंभर पत्रावळी पाहिजेत.”

तुळाजीशेठनं तोंड उघडलं. घसा खाकरला. “बघतो,” तो म्हणाला, “करतो काहीतरी.”

सगळे पोट धरधरून हसले. शेठही हसला. त्यानं आजवर गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हटलं नव्हतं. ताप आला असताना नाही, बायको माहेरी निघून गेली त्या दिवशीसुद्धा नाही. लहान धंदेवाला असाच असतो, बाळांनो. तुमच्यापैकी कुणाचे वडील तसे असतील तर आज घरी गेल्यावर त्यांना जरा पाणी विचारा.

सोमवार आला. बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र, शांत. ओढ्याकाठी एका पायावर उभे राहिले आणि वही उघडली. चहा नको म्हणाले. मध नको म्हणाले.

उजाडलं होतं. हजर एकटा तुळाजीशेठ.

“बाकीचे?” साहेबांनी विचारलं.

“ते आपापल्या सोयीनं येतात, साहेब. स्वतंत्र कारागीर. मी काय सांगणार त्यांना!”

सूर्य डोक्यावर आल्यावर एकेक जण आला. मुकिंदानं तर भावाला पाठवलं आणि स्वतः पलीकडच्या झाडावर झोपला. बगळेसाहेबांनी लिहून घेतलं. शेठ मनातल्या मनात खूश झाला.

एवढ्यात रानडुक्कर धापा टाकत आलं. त्याच्याकडे उद्या बारसं होतं. पिल्लं बारा, त्यामुळे नावं ठेवायला आत्याही बाराजणी येणार होत्या, आणि प्रत्येकीचं बिऱ्हाड होतं. “शेठ, आणखी आठशे पत्रावळी लागतील. माझी अब्रू तुमच्या हातात आहे.”

शेठ मुकिंदाच्या भावाकडे वळला. “नाही जमणार.” शिंपिणींकडे वळला. “नाही जमणार.” ठकूकडे वळला. ठकूनं तर जांभई दिली.

“बघितलंत ना, साहेब?” शेठ अभिमानानं म्हणाला. “एकही नोकर नाही!”

मग तो रानडुकराकडे वळला. “सकाळी पोचवतो,” तो म्हणाला.

आणि एवढं मोठं अस्वल कामाला लागलं. पानं काढायला वर चढलं, तर मुकिंदानं पलीकडच्या झाडावरून एक डोळा उघडला. “ती फांदी माझी आहे. आधी विचारायचं.” शेठनं विचारलं. ठकूकडे टाचायला बांबूच्या बारीक चोया मागितल्या. तिनं मोजून दिल्या. अस्वलाच्या पंजांनी पत्रावळ टाचणं सोपं नसतं. पहिल्या शंभर तर नुसत्या फाटल्या. “फाटलेली पानं कोणाची?” साहेबांनी विचारलं. “कारागिरांची, साहेब. नुकसान त्यांचं. कागदावर आहे.” साहेबांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना साहेब पुन्हा आले, तर शेठ आठवा गठ्ठा बांधत होता आणि सातही जण निकाल ऐकायला जमले होते. साहेबांनी वही मिटली.

“चौकशी पूर्ण झाली,” ते म्हणाले. “तुमचे सात स्वतंत्र कारागीर मला मान्य आहेत.”

तुळाजीशेठला आनंदानं नाचावंसं वाटलं.

“मात्र या कारखान्यात एक नोकर सापडला.”

शेठनं चिमाबाईकडे पाहिलं. रडली ना ती तालमीत! चुकून काही बोलली असणार. “कोण, साहेब?”

“तुम्ही.”

“ठरल्या वेळी तुम्ही हजर होता,” साहेब म्हणाले. “फांदीवर चढायला तुम्हाला परवानगी लागते. तुमच्या जागी तुम्ही कुणाला पाठवू शकला नाहीत. माल फाटला, नुकसान तुमचं नाही. आणि काम आलं, तर बाकी कुणीच हो म्हणालं नाही, तुम्ही एकटे हो म्हणालात.”

“पण मी मालक आहे!”

“कागद दाखवा.”

कागदावर फांद्या सातांच्या होत्या. सात वर्षांपासून होत्या. खाली शेठचाच भलामोठा अंगठा होता.

आता खरं सांगावं, तर पळस जप्त होणार. पळस गेला, की सातही जण रस्त्यावर येणार. “अंगठा माझाच आहे, साहेब,” तुळाजीशेठ म्हणाला.

साहेब सातांकडे वळले. “मालक मंडळी, तुमच्या या एका नोकराच्या सात वर्षांच्या चौऱ्याऐंशी टोपल्या भरायच्या आहेत. वेळेवर कापल्या नाहीत, म्हणून नोकराची अर्धीही तुमच्याच अंगावर. पहिलीच चूक आहे, म्हणून दंड सोडतो. माणशी बारा टोपल्या. वर्षाची मुदत.”

आता मात्र मुकिंदा खडबडून जागा झाला. सातही जण धावत तरसाकडे गेले. तरस त्यांना पाहून आधी पोटभर हसला.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “त्याला नाही म्हणायला शिकवा. मी फेरतपासणीचा अर्ज करतो.”

पुन्हा तालीम सुरू झाली. या वेळी सात जण समोर बसायचे आणि तुळाजी मध्ये उभा राहायचा. होय, नुसता तुळाजी. मुकिंदानं ‘शेठ’ म्हणणं सोडलं होतं. चिमाबाईच्या तोंडून मात्र अजून ‘शेठ’च यायचं.

आठ दिवस तो घसा खरवडत होता. “ना... ना...” इथपर्यंत यायचा. पुढे काही येईना.

फेरतपासणीला बगळेसाहेब आले, एका पायावर उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, “उद्या माझ्याकडे चार जण जेवायला आहेत. वीस पत्रावळी मिळतील का?”

सात जण फांद्यांवरून वाकले. सातांची तोंडं हलत होती. तुळाजीच्या कपाळावरून घाम निथळत होता.

“ना...” तो म्हणाला. “ना... म्हणजे साहेब, वीस कशाला? पंचवीसच न्या.”

साहेबांनी ‘नोकर’ या शब्दाखाली रेघ मारली. पत्रावळीही नेल्या.

मग काय, सातांनी टोपल्या भरायला घेतल्या. त्यासाठी जास्त माल विकायला हवा, आणि जास्त माल करायला एकच नोकर. तुळाजी राबराब राबला. एकदा त्यानं मुकिंदाकडे दोन दिवसांची रजा मागितली.

मुकिंदानं छातीवर हात ठेवला. “तुळाजी, अरे, घरच्यात कसली रजा?”

तुळाजीला लाज वाटली. मुकिंदाची नाही, स्वतःची. हे वाक्य ऐकायला कसं लागतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षात चिमाबाईचा उजवा डोळाही गेला. तिच्या वाटच्या टोपल्या भरायच्या कशा? दिवसाचं काम संपलं, की तुळाजी तिच्या फांदीची पानं घेऊन बसायचा आणि तिच्या नावावर पत्रावळी टाचायचा. त्याचे टाके आता बरे यायला लागले होते. चिमाबाई शेजारी बसून इवल्याशा चोचीनं चाचपून सांगायची, “हा सैल झाला हो, शेठ.” तो उसवायचा आणि पुन्हा घालायचा.

सगळ्या टोपल्या भरल्या गेल्या. पाटी बदलली : ‘मंडळी आणि तुळाजी.’ आणखी दोन वर्षांनी तुळाजीचे गुडघे धरले. त्यानं कोठारात अर्ज केला आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याला म्हातारपणाची टोपली मिळाली. आंबे, जांभळं, वर चार केळी.

चिमाबाईनंही अर्ज केला होता. तो परत आला. ‘अर्जदार मालक आहे. मालकांना म्हातारपणाची टोपली नाही.’ मालकाला म्हातारपण येत नाही, असं कायदा धरून चालतो.

तुळाजी कोठारातून निघाला तो घरी गेला नाही. लंगडत लंगडत चिमाबाईच्या घरट्यापाशी आला. टोपलीतली अर्धी फळं त्यानं काढली आणि तिच्यासमोर ठेवली. “हे काय, शेठ?” ती म्हणाली. “तुझं म्हातारपण मी बघेन, असं म्हणालो होतो,” तो म्हणाला. “उशीर झाला जरा.”

ओढ्याकाठी पांढरं काही हललं. बगळेसाहेब होते. टोपली घेणाऱ्यांच्या मागे मागे जाऊन नीट वापरतात का ते पाहणं, हेही त्यांच्याच कामात येत होतं.

“ही तुमची कोण?” त्यांनी विचारलं.

पूर्वीचा तुळाजीशेठ असता, तर पटकन म्हणाला असता, घरची. तुळाजीनं विचार केला. “मालकीण आहे, साहेब.”

“नोकराच्या टोपलीतून मालकिणीला देता येत नाही. तसा रकानाच नाही. फळं परत टोपलीत घाला.”

तुळाजीनं चिमाबाईकडे पाहिलं. ती आंब्याचा वास घेत बसली होती.

“नाही जमणार,” तुळाजी म्हणाला.

अगदी स्पष्ट म्हणाला. घसासुद्धा खाकरला नाही.

बगळेसाहेबांनी वही उघडली. पाचव्या गोष्टीचं पान काढलं. नाही म्हणतो म्हणजे नोकर नाही. नोकर नाही म्हणजे सगळा निकालच उलटा, चौऱ्याऐंशी टोपल्या उलट्या, ही टोपलीसुद्धा. साहेबांनी एका पायावर उभं राहून ते पान दोनदा वाचलं.

मग त्यांनी दुसरा पाय खाली टेकला आणि वही मिटली.

“कचेरी पाचला बंद होते,” ते म्हणाले आणि उडून गेले. अजून चारच वाजले होते.

तात्पर्य : कामाला असलेल्यांच्या टोपल्या कधीही वेळेवर भरू नयेत. तुळाजीशेठनं त्या वेळेवर भरल्या असत्या, तर तो जन्मभर मालकच राहिला असता, आणि त्या बिचाऱ्याच्या म्हातारपणाची काहीच सोय झाली नसती. चिमाबाईची झाली असती. पण ती काय, घरचीच.